चागास रोगाचा माग लहान मुलांच्या रक्तात का घेतात?

चागास हा रक्तपिपासू किड्यांमार्फत पसरणारा आणि पुढे हृदय व आतडी बिघडवणारा परजीवीजन्य रोग आहे. एखाद्या प्रदेशात त्याचा प्रसार थांबला आहे की नाही हे ठरवायचे असते, तेव्हा लॅटिन अमेरिकेतील आरोग्ययंत्रणा हृदय निकामी होत आलेल्या प्रौढांऐवजी पाच वर्षांखालील मुलांचे रक्त तपासतात. ट्रिपॅनोसोमा क्रूझी हा या रोगाचा परजीवी एकदा शरीरात शिरला आणि उपचार झाले नाहीत, तर तो बहुधा जन्मभर मुक्काम करतो आणि त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडेही रक्तात टिकून राहतात. पन्नाशीच्या माणसात ती सापडली, तर संसर्ग गेल्या वर्षीचा की चाळीस वर्षांपूर्वीचा हे सांगता येत नाही. तीन वर्षांच्या मुलात सापडली, तर मात्र संशयाची जागा फार थोडी उरते. एकतर आईकडून गर्भातच संसर्ग झाला, किंवा घरात आजही किडे आहेत.

या रोगाची पहिली नोंदही एका मुलीचीच आहे. 1909 मध्ये ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतातील लासान्स येथे कार्लोस चागास या ब्राझिलियन डॉक्टरांना बेरेनिसे नावाच्या दोन वर्षांच्या तापाने फणफणलेल्या मुलीच्या रक्तात हा परजीवी दिसला. अर्जेंटिना आणि बोलिव्हियात ज्याला विंचुका म्हणतात तो रक्तपिपासू किडा मातीच्या भिंतींच्या भेगांत दिवसभर दडून असतो, रात्री झोपलेल्या माणसाचे रक्त पितो आणि तिथेच विष्ठा टाकतो. परजीवी चाव्यातून येत नाही, तो त्या विष्ठेत असतो. मूल झोपेत खाजवते, तोच हात डोळ्याला लावते, आणि काही दिवसांनी एकाच डोळ्याच्या पापण्या टम्म सुजतात. डॉक्टर सेसिलियो रोमान्या यांनी 1935 मध्ये वर्णन केलेली ही खूण दिसली तर निदान सोपे होते, पण बहुतेक मुलांत ती दिसतच नाही; थोडा ताप येऊन जातो आणि कोणाला काही कळत नाही.

शरीराचा प्रतिकार या काळात चांगलाच जोरकस असतो. भक्षकपेशी परजीवीला ओळखतात, इंटरफेरॉन-गॅमा या संदेशरेणूच्या इशाऱ्याने नायट्रिक ऑक्साइड तयार करून त्याला मारतात, आणि सीडी-8 प्रकारच्या टी-पेशी (संरक्षक पांढऱ्या पेशी) ज्यांच्या आत परजीवी वाढत आहे अशा पेशी शोधून नष्ट करतात. साधारण दोन महिन्यांत रक्तातील परजीवींची संख्या इतकी घटते की सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसेनासे होतात, पण हृदयाच्या आणि आतड्यांच्या स्नायूंत काही शिल्लक राहतातच. अर्जेंटिनातील संशोधकांना असे आढळले की लागण झालेल्या मुलांच्या टी-पेशी एकाच वेळी अनेक प्रकारचे संदेशरेणू निर्माण करतात, तर अनेक दशके संसर्ग वागवणाऱ्या प्रौढांच्या पेशी जणू दमलेल्या असतात. जुनाट अवस्थेतील हानी ही शरीराने स्वतःवरच केलेल्या हल्ल्यामुळे होते, परजीवीमुळे नव्हे, असा समज दीर्घकाळ प्रबळ होता. त्यापायी कित्येकांना औषध देण्यात अर्थ नाही असे ठरवले गेले, आणि माझ्या मते या रोगाच्या इतिहासातील ही सर्वांत महागात पडलेली चूक आहे.

नवजात बाळाच्या बाबतीत प्रतिपिंडांचा पुरावा काही महिने निरुपयोगी ठरतो, कारण आईची आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि निरोगी बाळाची चाचणीही होकारार्थी येते. म्हणून बाळाचे थोडे रक्त बारीक काचनळ्यांत घेऊन यंत्रात जोराने फिरवतात आणि तांबड्या पेशींच्या थरावर जो पांढुरका पट्टा जमतो, तिथे वळवळणारे परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली शोधतात. नजर सरावलेली नसेल तर ते सुटतात. त्यामुळे काही सापडले नाही तरी बाळ दहा महिन्यांचे झाल्यावर, म्हणजे आईची प्रतिपिंडे सरल्यावर, पुन्हा चाचणी करावी लागते. दुर्गम भागातील बरीच बाळे या दोन तपासण्यांच्या मधल्या काळात यंत्रणेच्या हातून निसटतात.

केवळ प्रतिपिंडांवर विसंबणे किती फसवे ठरते याचे एक उदाहरण आपल्याकडेही आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला 2004 मध्ये जनावरांच्या सर्रा रोगाच्या ट्रिपॅनोसोमाची, म्हणजे चागासच्या परजीवीच्याच कुळातल्या परजीवीची, लागण झाली. अशा परजीवींना मारणारे अपोलिपोप्रोटीन एल-1 हे प्रथिन त्याच्या रक्तात कार्यक्षम स्वरूपात नव्हते. नंतर त्या गावाच्या सर्वेक्षणात अनेकांची प्रतिपिंड चाचणी होकारार्थी आली, परंतु तपासलेल्या रक्तात परजीवी कोणाच्याही सापडला नाही. चागासच्या निदानासाठी निरनिराळ्या तत्त्वांवरच्या दोन चाचण्या जुळाव्या लागतात, त्यामागचे कारण हेच.

ब्राझीलने 2001 ते 2008 या काळात ग्रामीण भागातील पाच वर्षांखालील एक लाखाहून अधिक मुलांचे रक्त फिल्टर पेपरवर गोळा केले. संसर्गाची खात्री पटलेल्यांचे प्रमाण 0.03 टक्के होते आणि त्यांतील बहुतेकांच्या मातांनाही संसर्ग होता, म्हणजे कीटकांचा वाटा जवळजवळ संपला होता. कीटकनाशक फवारणीच्या यशाचा याहून स्वच्छ पुरावा मला तरी माहीत नाही.

मात्र हा आकडा आईकडून होणारा प्रसार उघडा पाडतो, आणि तो फवारणीने थांबत नाही. पहिल्या वर्षातच बेन्झनिडाझोल हे परजीवी मारणारे औषध दिले तर नव्वद टक्क्यांहून अधिक बाळे बरी होतात व त्यांची प्रतिपिंडेही लवकर नाहीशी होतात; प्रौढांत त्याला दशके लागू शकतात. गर्भारपणात हे औषध देत नाहीत. परंतु मुलीला त्याआधीच उपचार मिळाले, तर पुढे तिच्या बाळाला लागण होण्याची शक्यता फार कमी होते, असे अर्जेंटिनातील अभ्यासांत दिसून आले आहे. त्यामुळे शाळकरी मुलींचे रक्त तपासून केवळ टक्केवारी नोंदवणारे आणि उपचारासाठी त्यांना दूरच्या शहराचा रस्ता दाखवणारे सर्वेक्षण मला अर्धवट वाटते. ज्या फेरीत निकाल हाती येतो, त्याच फेरीत औषधाच्या साठ दिवसांची सोय व्हायला हवी.