५८००एक्सचं व्होल्टेज उतरवताना : आतापर्यंतची नोंद

दिवस १

रायझन ७ ५८००एक्स (एएमडीचा आठ कोअरचा, म्हणजे आठ स्वतंत्र गणक भागांचा प्रोसेसर), दोन टॉवरचा एअर कूलर, केसला पुढे दोन पंखे आणि मागे एक. खोली २८ अंश. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, सगळं ऑटोवर. सिनेबेंच आर२३ या रेंडरिंगच्या चाचणीचा दहा मिनिटांचा लूप लावला आणि दुसऱ्याच मिनिटाला ९० अंश. पुढे तापमान जागचं हललं नाही, हलला तो क्लॉक, म्हणजे चिपचा वेग. ४.६ गिगाहर्ट्झवरून हळूहळू घसरत ४.४५ वर येऊन टेकला. स्कोअर १४,८८०.

गंमत म्हणजे त्याच वेळी कूलरच्या हीटपाइपला बोट लावून पाहिलं तर जेमतेम कोमट. आधी वाटलं पेस्ट नीट बसली नाही. कूलर काढला, पुसला, नवी पेस्ट लावली, पुन्हा कसला. फरक एका अंशाचा. म्हणजे कूलर कमी पडत नव्हता, उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. या चिपचे आठही कोअर सुमारे ८१ चौरस मिलिमीटरच्या एकाच तुकड्यात आहेत आणि तो तुकडा झाकणाच्या मधोमध नाही, एका कडेला आहे. १३० वॅट एवढ्याशा जागेतून बाहेर काढायचे. याच मालिकेतल्या मोठ्या ५९५०एक्सची वॅटची मर्यादा हीच, पण तिथे तेच वॅट दोन तुकड्यांत वाटले जातात. मोठा कूलर घेऊन हा प्रश्न सुटणार नाही असं माझं मत झालं. कमी करायचे तर वॅटच कमी करायला हवेत.

दिवस २

सगळ्यात सोपा उपाय आधी : व्होल्टेजला सरसकट उणे १०० मिलिव्होल्टचा ऑफसेट. हिशोब मोहात पाडणारा आहे. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १.३० चं १.२२ केलं तर तेवढ्याच क्लॉकला साधारण १२ टक्के पॉवर वाचते.

रीस्टार्ट, लूप, ८१ अंश. क्लॉक ४.६ वर ठाम. मी खूश. मग स्कोअर आला : १३,९५०. ऑटोवर होता त्याहूनही कमी!

दिसतं तसं नसतं, ते असं. एचडब्ल्यूइन्फो या चिपचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नुसता ‘कोअर क्लॉक’ बघू नका, खाली ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ची वेगळी ओळ असते ती बघा. माझ्याकडे वरची ओळ ४.६ सांगत होती आणि खालची ४.२. व्होल्टेज गरजेपेक्षा खाली गेलं की ही चिप लगेच क्रॅश होत नाही, क्लॉकचे ठोके ताणून वेळ मारून नेते. यालाच क्लॉक स्ट्रेचिंग म्हणतात. तापमान उतरलं होतं कारण काम कमी होत होतं, बाकी काही नाही. तेव्हापासून नियम केलाय : तापमानाचा आकडा स्कोअरशिवाय लिहायचा नाही.

ऑफसेट काढून टाकला.

दिवस ३ आणि ४

आता कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे कुठल्या क्लॉकला किती व्होल्टेज द्यायचं तो आलेख कोअरनिहाय वर-खाली सरकवणारं बायोसमधलं सेटिंग. सगळ्या कोअरना उणे २०. (आमच्या बायोसमध्ये चिन्ह आणि आकडा हे दोन वेगळे पर्याय आहेत. पहिल्या खेपेला चिन्ह ‘पॉझिटिव्ह’वरच राहिलं होतं आणि अर्धा तास मी डोकं खाजवत होतो.) एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, म्हणजे उणे २० ला ६० ते १०० चा फरक.

स्कोअर १५,४१०. इफेक्टिव्ह क्लॉक दाखवलेल्या क्लॉकला चिकटून. तापमान? पुन्हा ९०.

इथे बरेच जण वैतागून सोडून देतात, पण चिप वागते ते बरोबरच आहे. कर्व्ह बदलून आपण तिला सांगतो की याच क्लॉकला तुला कमी व्होल्टेज पुरेल. वाचलेली पॉवर ती बाजूला ठेवत नाही, लगेच क्लॉक वाढवण्यात घालते आणि जाऊन भिडते त्याच ९० च्या भिंतीला. थंड हवी असेल तर भिंत आपण अलीकडे बांधायची. ऑटोवर पीपीटी (एकूण पॉवरची मर्यादा) १४२ वॅट, टीडीसी (सतत करंटची मर्यादा) ९५ अँपिअर, ईडीसी (क्षणिक करंटची मर्यादा) १४० अँपिअर होतं. ते १२०, ७५, ११० केलं. आता लूपला ७९ अंश आणि स्कोअर १५,०६०. पहिल्या दिवसापेक्षा ११ अंश खाली आणि स्कोअर तरीही वर. ६५ वॅटचा इको मोड हा कमी पॉवरचा तयार पर्यायही लावून पाहिला, त्यात पीपीटी ८८ होतं. पीसी छान गार आणि शांत, पण मला रेंडरला थोडा जोर हवा असतो म्हणून परत १२० वर आलो.

दिवस ६

रात्रभर प्राइम९५ ही सगळ्या कोअरना राबवणारी चाचणी, सकाळी एकही एरर नाही. तशीच दुसरी, ओसीसीटी, तासभर, तेही पास. संध्याकाळी गाणं लावून, एक टेक्स्ट फाइल उघडी ठेवून नुसता बसलो होतो. पडदा काळा, पीसी आपोआप रीस्टार्ट.

रात्रभर राबून काही झालं नाही आणि रिकामा बसल्यावर पडला! पण कारण सरळ आहे. आठही कोअरवर लोड असताना क्लॉक ४.५ च्या आसपास असतो. रिकाम्या पीसीत मात्र मधूनच एखादा कोअर एकटा क्षणभर ४.८५ ला उडी मारतो. कर्व्हचं ते वरचं टोक रात्रभराच्या परीक्षेत एकदाही तपासलं गेलं नव्हतं. सगळ्या कोअरचा जड लोड हा गरमपणाची परीक्षा आहे, व्होल्टेजची अर्धीच.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या घटकाची) १८ क्रमांकाची नोंद सापडली : कॅश हायरार्की एरर, प्रोसेसर एपीआयसी आयडी ५. हा आयडी थ्रेडचा, म्हणजे कोअरवर चालणाऱ्या कामाच्या एका धाग्याचा असतो. एका कोअरचे दोन थ्रेड, म्हणून या चिपवर दोनाने भागायचं आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. ५ म्हणजे कोअर २. आणि कोअर २ हा नेमका माझ्या चिपचा सगळ्यात चांगला कोअर, ज्याच्याकडे विंडोज एकट्या थ्रेडचं काम आधी पाठवतं. चांगल्या कोअरला कारखान्यातूनच कमी व्होल्टेज दिलेलं असतं, त्यामुळे त्यातून आणखी काढायला फारसं उरत नाही. उणे ३० सोसतात ते मागच्या बाकावरचे.

दिवस ७ ते १२

यात लिहिण्यासारखं फार नाही, फक्त चिकाटी. कोअरसायकलर हा एकेका कोअरची चाचणी घेणारा प्रोग्रॅम, एसएसई मोड (हलक्या सूचनांचा), एकेक कोअर आळीपाळीने. एव्हीएक्स (जड सूचनांचा) मुद्दाम नाही, कारण लोड जड झाला की क्लॉक वर जात नाही आणि आपल्याला तर वरचं टोकच हवंय. एरर आली की त्या कोअरला तीन पायऱ्या परत द्यायच्या आणि पुन्हा झोपायला जायचं.

मधल्या एका संध्याकाळी पंख्यांचं पाहिलं. ब्राउझर उघडला तरी तापमान ४५ वरून ६५ ला उसळतं आणि पंखे घुंई करतात. व्होल्टेज उतरवून ही उसळी जात नाही. पंख्यांचा प्रतिसाद चार सेकंद उशिरा ठेवला, घुंई बंद.

आजची स्थिती, कोअर ० ते ७ : उणे २२, उणे २५, उणे ६, उणे २८, उणे १२, उणे २८, उणे ३०, उणे २५. आकडे वहीतही उतरवलेत, कारण बायोस अपडेट केलं की ते पुसले जातात. चार दिवसांत व्हियाची नवी नोंद नाही. कोअर ४ मात्र काल पहाटे साडेतीनला एकदा अडखळला, म्हणून आज रात्री त्याला उणे ९ वर एकट्यालाच पळवतोय.