जीपच्या एअर क्लीनरचा बाउल मिळाला एकदाचा!

मिळाला एकदाचा! आठ महिने शोधत होतो आणि परवा तो काळा पत्र्याचा बाउल (इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या एअर क्लीनरचं खालचं तेलाचं भांडं) हातात आला तेव्हा सगळ्यात आधी मी काय केलं तर तो उजेडासमोर धरला आणि आतून बुडाकडे बघितलं, कारण ह्याच्या आधी दोन बाउल असेच मोठ्या आशेने मागवले होते आणि दोन्हींच्या बुडाला सुईच्या टोकाएवढी भोकं निघाली होती. ह्याला एकही नाही. तरी खात्री म्हणून रात्री त्यात दोन बोटं रॉकेल ओतून वर्तमानपत्रावर ठेवून दिला, सकाळी उठून पहिला तिकडेच गेलो, कागद कोरडा ठणठणीत. खरं सांगतो, इंजिन पहिल्यांदा चालू झालं होतं त्या दिवशीपेक्षा जास्त आनंद झाला.

तर गाडी आहे विलीज सीजे-३बी, १९६२ ची, ती उंच बॉनेटवाली. बॉनेट उंच का तर आधीच्या जीपमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह (आत घेणारा इनलेट आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट) ब्लॉकमध्ये होते आणि ह्या हरिकेन इंजिनमध्ये इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच राहिले, त्यामुळे इंजिनची उंची वाढली आणि ते झाकायला बॉनेट वर उचलावं लागलं. मला तर ह्या चेहऱ्यासाठीच ती आवडते. असो.

गाडी घेतली तेव्हा बॉनेटखाली ओरिजिनल क्लीनर नव्हताच. कुणीतरी तो काढून टाकून कार्बुरेटरच्या तोंडावर एक शंकूच्या आकाराचा लाल कोन फिल्टर क्लॅम्पने आवळून बसवला होता. बघायला छान चकाचक. पण ऑइल भरायच्या नळीतून एक छोटा होज क्लीनरकडे जातो, क्रँककेसला (इंजिनच्या खालच्या, तेल असलेल्या पोटाला) लागणारी हवा त्यातून गाळलेली मिळावी म्हणून, तो होज उघड्या तोंडाने तसाच लोंबत होता. म्हणजे इंजिनचा एक श्वास फिल्टरमधून आणि दुसरा थेट बॉनेटखालच्या धुळीतून, तोही सरळ इंजिन ऑइलमध्ये! फिलरच्या तोंडात बोट फिरवलं तर बोटाला तेलात भिजलेली बारीक रेती लागली. ती रेती बोटांच्या चिमटीत चोळताना जो करकर आवाज आला ना, त्याच दिवशी ठरवलं की हिला ओरिजिनल क्लीनरच बसवायचा.

आता एवढा जीव एअर क्लीनरवर का, असं बरेच जण विचारतात. साधा हिशोब बघा. इंजिन २.२ लिटरचं, फोर स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं. २००० आरपीएमला थ्रॉटल (कार्बुरेटरमधली हवेची झडप) पूर्ण उघडा असेल तर मिनिटाला जास्तीत जास्त २२०० लिटर हवा आत जाणार, प्रत्यक्षात थोडी कमी. एका तासात लाखभर लिटर. कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीची धूळ खात चाललो असलो तर त्या लाख लिटरमध्ये काय काय असेल विचार करा. आणि धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोह्स मापावर ७, सिलिंडरच्या ओतीव लोखंडापेक्षा जास्त. ते कण रिंग आणि बोअरच्या मध्ये सापडले की पॉलिश पेपरचं काम करतात. आधी ऑइल कमी व्हायला लागतं, मग ब्रीदरमधून (क्रँककेसच्या श्वासाच्या नळीतून) धूर, मग पिकअप गेला म्हणून लोक कार्बुरेटर खोलत बसतात आणि दोष तिथे नसतोच.

ओरिजिनल क्लीनर ऑइल बाथ प्रकारचा. खाली बाउल, त्यात इंजिन ऑइल, वर तारेच्या जाळीचा गोळा असलेला डबा. मी आधी समजत होतो की हवा तेलातून बुडबुडे काढत जाते, तसं नाहीये. आमच्या मेस्त्रींनी (वडिलांच्या वेळेपासून ह्या गाड्यांवर हात आहे त्यांचा) मला एकदा डबा खोलून नीट दाखवलं होतं. हवा बाजूच्या फटीतून जोरात खाली येते, तेलाच्या पृष्ठभागावर आपटते आणि तिथून एकदम उलटी वळून वर जाते. हवा हलकी म्हणून वळते, धुळीचा कण जड म्हणून त्याला वळता येत नाही, तो सरळ जाऊन तेलात बसतो. जे बारीक कण निसटतात ते वरच्या तेलकट जाळीला चिकटतात, आणि हवेबरोबर उडालेलं तेल त्याच जाळीवरून परत खाली ठिबकताना ती धूळ धुऊन आणतं. म्हणजे फिल्टर स्वतःच स्वतःला धुतोय, कागद नाही, कार्ट्रिज नाही, तेल सोडलं तर बदलायचं काही नाही. मेस्त्री म्हणाले, "अरे हा डबा तुझ्या नातवालाही पुरेल, फक्त बुडातलं पाणी सांभाळ."

ते पाणी म्हणजेच सगळ्या बाउलचा काळ. दमट हवेतलं किंवा गाडी धुताना गेलेलं पाणी तेलापेक्षा जड, ते तेलाखाली जाऊन बुडाशी बसतं, वरून तेल स्वच्छ दिसतं आणि खाली पत्रा गंजत असतो. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाड्यांचे बाउल म्हणूनच हमखास बुडाला गेलेले मिळतात. बाजू शाबूत, एम्बॉसिंग (पत्र्यात दाबून उठवलेल्या खुणा) शाबूत, रंगसुद्धा बरा, आणि बूड चाळणी. पहिल्या बाउलला मी डाग देऊन बघितला, दोन भोकं बुजवली तर शेजारी तिसरं पडलं, पत्रा इतका पातळ झाला होता की डागाच्या उष्णतेनेच जात होता. तो ठेवलाय अजून, मापासाठी उपयोगी पडतो.

शोधताना मला जे कळलं त्यातली मोठी गोष्ट म्हणजे "ऑइल बाथ क्लीनर आहे" एवढ्यावर कधीच हो म्हणायचं नाही. दिसायला सगळे सारखे. दुसरा बाउल मी फोटोवरून घेतला, तो निघाला डिझेल गाडीचा, तोंडाचा व्यास जेमतेम तीन मिलीमीटरने मोठा, वरचा डबा त्यात बसायचा पण गॅस्केटवर (जोड हवाबंद करणाऱ्या मधल्या चकतीवर) दाब येत नव्हता, आणि वर बूड फुटकं ते वेगळंच. डिझेलला सहसा थ्रॉटल नसतो, ते सतत भरपूर हवा ओढतं, त्यामुळे त्याच्या क्लीनरचा हिशोबच निराळा. तेव्हापासून विकणाऱ्याकडे मी चारच गोष्टी मागतो: कॅलिपर (व्यास मोजायचं साधन) लावलेला तोंडाचा फोटो, बाहेरून उंची, आतून बॅटरी मारून बाहेरून काढलेला बुडाचा फोटो, आणि तेलाच्या पातळीची खूण दिसेल असा एक. ज्याला विकायचंय तो देतो. नाही दिले तर सोडून द्यायचं, कितीही मोह झाला तरी.

पार्ट्स बुक मात्र हाताशी पाहिजेच. त्यातलं सुट्या भागांचं चित्र बघितलं तेव्हा कुठे मला कळलं की आपण ज्याला "क्लीनर" म्हणतोय तो डबा, बाउल, दोघांमधलं गॅस्केट, आवळायचा क्लॅम्प, फायरवॉलकडचं (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडचं) ब्रॅकेट, कार्बुरेटरपर्यंतची नळी, तिच्या टोकांचं रबर आणि तो ब्रीदरचा होज, असा सगळा संसार आहे. लोक फक्त डबा विकतात, ब्रॅकेट गाडीवरच राहतं आणि गाडी भंगारात जाते. एक समाधान एवढंच की ही जीप एकाच देशात बनली नाही. सीजे-३बी १९५३ ते १९६८ अमेरिकेत बनली, पण लायसन्सवर भारतात महिंद्राने आणि जपानमध्ये मित्सुबिशीने पण बनवली, त्यामुळे जगात कुठे ना कुठे कुणाच्या तरी माळ्यावर पार्ट पडलेला असतोच. फक्त देशागणिक बारीक फरक झालेत, म्हणून परत तेच, माप, माप आणि माप.

ओरिजिनल ओळखायचं कसं हा प्रश्न पण येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपवाल्यांचं ह्यात बरं आहे, फोर्डने बनवलेल्या जीपच्या पार्टवर आणि अगदी बोल्टच्या डोक्यावरही इंग्रजी एफ ठोकलेला असतो. आमच्या गाडीला तसली सोय नाही. मी एम्बॉसिंग बघतो, जुन्या डायने दाबलेली तेलाच्या पातळीची खूण काठाला धारदार लागते, बोटाला कळते, नवीन नकलेत ती गोलसर असते. स्पॉट वेल्डचे ठिपके एका ओळीत आहेत का ते बघतो. आणि रंग फार नवा असला तर मला शंका येते, कारण जाड नव्या रंगाखाली बऱ्याचदा पुटीने भरलेलं बूड असतं.

कागदी फिल्टर चांगला नाही असं माझं म्हणणं अजिबात नाही. चांगला कागदी फिल्टर धुळीतला ९९ टक्क्यांहून जास्त भाग अडवतो, ऑइल बाथ तिथवर पोचत नाही, आणि आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) हवेचा वेग कमी असताना तर अजून मागे पडतो. गाडी खूप कलली तर तेल इकडेतिकडे होतं हेही खरं. पण फिल्टर कुठलाही असो, त्याच्या पुढची नळी हवाबंद पाहिजे, आणि माझा सगळा राग त्या लाल कोनपेक्षा त्या लोंबणाऱ्या होजवर आहे.

नळी हवाबंद का हवी ह्याबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कार्बुरेटरच्या खाली, मॅनिफोल्डच्या गॅस्केटला लीक असेल तर मिक्श्चर पातळ होतं (पेट्रोलच्या मानाने हवा जास्त), आयडल बिघडतं, लगेच कळतं. पण क्लीनर आणि कार्बुरेटरच्या मधल्या नळीत लीक असेल तर मिक्श्चरला जवळजवळ काहीच होत नाही, कारण ती हवा सुद्धा कार्बुरेटरमधूनच जाते. गाडी मस्त चालते. आणि धूळ गपचूप आत जात राहते. मी दोन गोष्टी करतो. आयडलला क्लीनरचं हवा घ्यायचं तोंड फडक्याच्या बोळ्याने दाबून बंद करायचं (बोळा आत ओढला जाणार नाही एवढा मोठा घ्या), इंजिन गुदमरून बंद पडायला हवं, आरामात चालत राहिलं तर ते दुसरीकडून हवा घेतंय. दुसरं, नळी काढून आतून पांढरं फडकं फिरवायचं. रबराच्या जोडापाशी तपकिरी रेघ आली तर लीक तिथेच आहे.

बाउल बसवताना तेल खुणेपर्यंतच, चार थेंब जास्त बरे असं इथे चालत नाही, जास्त भरलं तर हवेबरोबर तेल कार्बुरेटरकडे ओढलं जातं, प्लग तेलकट होतात, धूर येतो. कमी भरलं तर हवा तेलाला धडकतच नाही. जाळी मी रॉकेलमध्ये बुचकळून धुतो, पेट्रोलमध्ये नाही, आणि पूर्ण निथळू देतो. कॉम्प्रेसरची हवा जवळून मारायची नाही, जाळी विस्कटते.

रविवारी सगळं जोडलं. गॅस्केट नवीन कापलं, ब्रीदरचा होज तेल सोसणाऱ्या रबराचा घातला आणि साठेक किलोमीटर कच्च्या रस्त्याने फिरवून आणली. घरी येऊन क्लॅम्प सोडला, बाउल खाली घेतला, तेल दुसऱ्या भांड्यात हळूच ओतलं आणि बुडाला बोट लावलं तर पिठासारखा मऊ तपकिरी गाळाचा थर. मग नळीत पांढरं फडकं फिरवलं, पांढरंच बाहेर आलं. कितीतरी वेळ दोन्ही शेजारी ठेवून बघत बसलो होतो.

आता राहिला फक्त बाउलचा ओरिजिनल क्लॅम्प. सध्याचा बाजारातला आहे, आवळतो व्यवस्थित, पण पार्ट्स बुकातल्या चित्रातला वेगळा दिसतो. त्याचा नंबर लिहून ठेवलाय, शोध चालू आहे.