आधी ग्रँड सेंट्रल मार्केट, मग ६२६ नाइट मार्केट: लॉस एंजेलिसमधला एक खादाड शनिवार

खाद्यजत्रेला जायचं म्हणजे दुपारपासून पोट रिकामं ठेवायचं, असं बहुतेकांचं गणित असतं. माझं उलट आहे. भुकेला माणूस जत्रेत शिरला की समोर येईल त्या पहिल्या रांगेत उभा राहतो, आणि गेटाजवळच्या रांगाच सगळ्यांत लांब असतात. त्यात आई उन्हाळ्यापुरती पुण्याहून आलेली. ती शाकाहारी, अंडं चालतं, पण मासळीचा वासही नको. तेव्हा जुलैमधल्या त्या शनिवारी दुपारी डाउनटाउनच्या ग्रँड सेंट्रल मार्केटमध्ये बसून जेवायचं आणि मग मेट्रोने आर्केडिया या उपनगरात भरणाऱ्या ६२६ नाइट मार्केट या रात्रीच्या खाद्यजत्रेला जायचं, असं ठरवलं.

ग्रँड सेंट्रल मार्केट १९१७ पासून त्याच जागी आहे. ब्रॉडवे आणि हिल स्ट्रीट यांच्या मधे आरपार गेलेला एक लांबलचक हॉल, डोक्यावर निऑनच्या पाट्या, दोन्ही बाजूंना दारं. पूर्वी हा भाजी, मटण आणि किराण्याचा बाजार होता. आता खायचे स्टॉलच जास्त, त्यातले बरेच गेल्या दहा-पंधरा वर्षांत आलेले. अंड्याच्या सँडविचसाठी जी रांग ब्रॉडवेच्या बाजूला दिसते, ती इन्स्टाग्रामवाल्यांना सोडून द्या आणि थेट आत चला. आत जुने गाळे अजून टिकून आहेत आणि खरं खाणं तिथेच आहे.

आईसाठी आधीच हेरून ठेवलेला गाळा म्हणजे सारिताज पुपुसेरिया. पुपुसा हा एल साल्वादोरचा पदार्थ: मक्याच्या पिठाचा गोळा, आत सारण, हातावर थापून तव्यावर भाजलेला. आपल्या जाड भाकरीच्या पोटात चीज भरलं तर जे होईल ते. १९८० ते १९९२ च्या यादवी युद्धात साल्वादोरहून फार मोठ्या संख्येने माणसं लॉस एंजेलिसला आली आणि त्यांच्याबरोबर हा तवाही आला. सोबत कुर्तिदो म्हणजे कोबी-गाजराची आंबट कोशिंबीर मिळते. ती पुपुसावर भरपूर घ्यायची; नुसतं चीज थोड्या वेळाने जड होतं. आम्ही चीज आणि लोरोको मागितलं. लोरोको ही एका वेलीची कळी, चवीला किंचित तुरट, हिरवी. आईने तव्यासमोर उभं राहून त्या बाईंचा थापण्याचा हात पाहिला आणि म्हणाली, "पाण्याचा हात कमी लावतेय. आपली भाकरी अशी थापली तर चिरेल."

शाकाहारी मंडळींना एक सूचना, आणि ती गंभीरपणे घ्या. 'रेवुएल्ता' म्हटलं की त्यात डुकराचं मांस असतं. राजमा भरलेला पुपुसा नावाला शाकाहारी, पण राजमा चरबीत परतलेला असू शकतो. "मांतेका?" एवढंच विचारायचं. मांतेका म्हणजे डुकराची चरबी. मेक्सिकन गाळ्यांवरही हाच प्रश्न, आणि थाई गाळ्यांवर फिश सॉसचा. लोक प्रामाणिकपणे सांगतात, वैतागत नाहीत.

मी आणि बायको मांसाहारी. व्हिया मोरेलियानाच्या कार्नितास टाकोवर आमचा जीव. डुकराचं मांस त्याच्याच चरबीत तासन्‌तास शिजवून, मग पाटावर कचाकचा कापून टॉर्टियावर ढीग रचतात. एक टाको दोघांत पुरतो, आणि इथे हावरटपणा केलात तर संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

मग चायना कॅफे. हे काउंटर १९५९ पासून आहे. गोल स्टुलांवर बसायचं, समोर वॉनटन सूप, चाऊमेन, एग फू यंग (चिनी धाटणीचं ऑम्लेट). अमेरिकेतल्या चिनी लोकांनी अमेरिकन जिभेसाठी बेतलेलं हे जेवण. चव साधी, जरा अळणीच. तरी दिवसभरात एकच वाटी परवडणार असेल तर मी इथलं सूप सांगेन. कारण संध्याकाळी जिथे जायचंय तिथलं चिनी जेवण कोणाच्याही जिभेसाठी बेतलेलं नसतं. एकाच दिवसात दोन्ही खाल्लं की मधल्या साठ-पासष्ट वर्षांत या शहरात काय काय झालं ते पोटातून कळतं.

निघायच्या आधी चिलेस सेकोसच्या गाळ्यावर आईचा बराच वेळ गेला. वाळक्या मिरच्यांची पोती: ग्वाहियो, पासिया, आंचो. शिवाय मोले या मेक्सिकन रश्श्याची वाटणं, वाळवलेली जास्वंदीची फुलं, चिंच. तिने प्रत्येक मिरची वाकवून, हुंगून पाहिली. ग्वाहियो रंगाला छान, तिखटाला बेताची. लाल रश्श्यासाठी आम्ही थोडी घेतली. ती पिशवी रात्रभर वागवावी लागते, हे मात्र लक्षात ठेवा.

बसायला जागा मिळण्याचं एकच तंत्र आहे: साडेअकराच्या आत पोचा. शनिवारी बारानंतर टेबलं मिळत नाहीत. मिळालीच तर हिल स्ट्रीटच्या बाजूच्या उघड्या भागात, उन्हात. स्वच्छतागृह तळघरात आहे आणि ज्येष्ठांना जिना उतरवत नेताना वेळ लागतो. जवळपास सगळीकडे कार्ड चालतं, तरी थोडी रोख असू द्या. पाटीवरच्या किमतीवर जवळपास दहा टक्के कर आणि शिवाय टिपची स्क्रीन समोर येते, तेव्हा हिशेब आधीच फुगवून धरा.

जेवणानंतर चालायची इच्छा झाली तर दोन ठिकाणं पायाशीच आहेत. ब्रॉडवे ओलांडला की १८९३ ची ब्रॅडबरी बिल्डिंग: बाहेरून काहीच वाटत नाही, आत काचेचं छत आणि लोखंडी जाळीच्या लिफ्ट. पाहुण्यांना वरच्या मजल्यांवर सोडत नाहीत, त्यामुळे दहा मिनिटं पुरतात. हिल स्ट्रीटच्या समोर एंजल्स फ्लाइट, १९०१ ची चिमुकली तिरकी रेल्वे. सिनाई आणि ऑलिव्हेट नावाचे दोन डबे, एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो. पैसे वरच्या ठाण्यावर द्यायचे असतात, चढताना काय नि उतरताना काय. खाली तिकीटखिडकी शोधत बसू नका. भटकायचं तर ब्रॉडवे-हिलच्या आसपासच. मेन स्ट्रीट ओलांडून पाचव्या-सहाव्या रस्त्याच्या दिशेने पूर्वेला गेलात की स्किड रो ही बेघरांची वस्ती लागते.

आर्केडियाला जायला गाडी काढू नका. बाजारापासून एका चौकावर, सेकंड स्ट्रीटच्या कोपऱ्याला हिस्टॉरिक ब्रॉडवे स्टेशन आहे. २०२३ मध्ये तिथला बोगदा सुरू झाल्यापासून ए लाइन डाउनटाउनच्या पोटातून थेट आर्केडियाला जाते, गाडी बदलावी लागत नाही. भाडं पावणेदोन डॉलर, टॅप कार्ड प्रत्येकाचं वेगळं. तासाभरापेक्षा कमी वेळ लागतो. डब्यात एखादा बेघर माणूस झोपलेला असतो, कधी वास येतो. डबा बदलायचा आणि पुढे जायचं. पासाडिना सोडल्यावर गाडी थेट २१० फ्रीवेच्या मधोमध धावते आणि दोन्ही बाजूंना अडकलेल्या मोटारी बघताना फार समाधान होतं.

आर्केडिया स्टेशनपासून सांता अनिता पार्क हे घोड्यांच्या शर्यतींचं मैदान साधारण मैल-दीड मैल. आम्ही आईसाठी टॅक्सी केली, तुम्हीही करा. डाउनटाउनला समुद्राची थोडी हवा पोचते, इथे डोंगराच्या पायथ्याशी जुलैची दुपार भट्टी असते. म्हणून पाचच्या आत अजिबात नको. सहा-साडेसहाला शिरलं तर दीडेक तास उजेड मिळतो, मागे सॅन गॅब्रिएलचे डोंगर तांबूस होतात आणि रांगाही अजून आवाक्यात असतात. आठनंतर लोटच्या लोट येतात.

६२६ हा सॅन गॅब्रिएल खोऱ्याचा टेलिफोन कोड. १९७० च्या दशकापासून मॉन्टेरे पार्क आणि मग आजूबाजूच्या गावांत तैवान, हाँगकाँग आणि चीनमधून आलेली कुटुंबं स्थिरावली. तैवानच्या रात्रबाजारांच्या धर्तीवर २०१२ मध्ये ही जत्रा सुरू झाली. काठीवर आख्खा भाजलेला स्क्विड, ताकोयाकी (ऑक्टोपस घातलेले जपानी गोळे), तैवानी पॉपकॉर्न चिकन, हाँगकाँगचे फुगीर अंडा-वॉफल, आणि लांबूनच पत्ता सांगणारं स्टिंकी टोफू. आंबवलेलं टोफू तळतात. वास भयंकर, चव मात्र खारट-कुरकुरीत, सोबत लोणच्याचा कोबी. आईने नाकाला पदर लावून विचारलं, "गटार तुंबलंय का रे इथे?" पण पदार्थ तत्त्वतः शाकाहारी आहे कळल्यावर थबकली. आंबवणाच्या पाण्यात कोळंबी किंवा मासळी असू शकते, म्हणून मी तिला दिलं नाही. तिच्यासाठी स्पायरल बटाटा, वॉफल आणि आंबा घातलेला गोड चिकट भात. भात ठीक, आंब्याबद्दल ती काही बोलली नाही, आणि देवगडच्या घरच्या बाईकडून ती फार मोठी सभ्यता होती.

प्रकाश टाकणारे पेले, इंद्रधनुषी चीज, असं जे काही फोटोसाठी बनवलंय ते टाळा. बहुतेक गोष्टी दहा डॉलरच्या पुढे असतात, त्यामुळे चार जणांत एकेक घ्या. पाण्याची बाटली, टोपी, ओले रुमाल आणि एक रिकामा डबा न्या. बाकडी कमी आहेत. आमच्यातला एक जण जागा धरून बसायचा, बाकीचे रांगेत. प्रवेशाचं तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि तारखा तिथेच तपासा, कारण जत्रा उन्हाळ्यातल्या ठरावीक शनिवार-रविवारच्या आसपासच भरते.

हे मैदान १९३४ चं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत पाठवण्याआधी इथेच कोंडलं होतं, अठरा हजारांहून जास्त माणसं, त्यातली कित्येक घोड्यांच्या तबेल्यांत. ताकोयाकीच्या रांगेत उभं असताना हे बायकोने सांगितलं. त्यानंतर बराच वेळ आम्ही तबेल्यांच्या बाजूला बघत होतो.

परतताना दहाच्या आधी निघा. जत्रा संपताना टॅक्सीचे दर दुप्पट होतात आणि रात्री ए लाइनच्या गाड्यांमधलं अंतरही वाढतं. टॅक्सी गेटावर बोलावू नका. हंटिंग्टन ड्राइव्हवर थोडं चालत बाहेर या, लवकर मिळते.