वीणेचा पहारा

दोन्ही पालख्या पुण्यात आल्या की माझं कर्वेनगरचं क्लिनिक दोन दिवस बंद असतं. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, आणि आजूबाजूच्या शाळा, कार्यालयं, वाडे, जिथे पाठ टेकायला मिळेल तिथे दिंड्या. एका शाळेतल्या दुसरी ‘ब’च्या वर्गात आम्ही चार फिजिओथेरपिस्ट बाकं जोडून बसतो. व्हरांड्यात चपला शिवून देणारे, पलीकडे दाढी करून देणारे आणि पटांगणात तेलाच्या बाटल्या घेऊन पाय चोळायला आलेली कॉलेजची मुलं. मुलांचा उत्साह दांडगा असतो, म्हणून सकाळीच बजावून ठेवावं लागतं : एकाच पायाची पोटरी सुजलेली आणि गरम लागली तर हात लावायचा नाही, आधी आत पाठवायचं. आत रक्ताची गुठळी असली तर ती चोळणं जिवावर बेतू शकतं.

मुक्कामाच्या दिवशी अकराच्या सुमाराला काका आले. माण तालुक्यातले, वय सहासष्ट, गळ्यात वीणा. उजवा पाय टाकताना ओठ आवळत होते, पण वीणा काढून ठेवायला तयार नाहीत. बाकावर ठेवा म्हटलं, तर मागे उभ्या असलेल्या पोराच्या गळ्यात घातली, दोघं एकमेकांच्या पाया पडले, आणि मगच काका खुर्चीत बसले. वाकताना मात्र चेहरा पिळवटला.

पायात कोरे करकरीत स्पोर्ट्स शूज. मुलगा चाकणला कंपनीत आहे, त्याने खास वारीसाठी घेतलेले. नातवाने नाड्या अशा करकचून बांधून दिलेल्या की “रस्त्यात सुटाय नगंत”. ज्या पायांनी आयुष्यभर वहाणा घातल्या, ते पाय आळंदीहून पुण्यापर्यंतचे जवळपास ३० किलोमीटर त्या बुटांत आवळून चालले होते. वाटेत पाय सुजला, बूट घट्ट झाला, तरी कोणी नाडी सैल केली नाही. बूट काढल्यावर पावलाच्या वरच्या बाजूला नाडीच्या फुल्या उमटलेल्या दिसल्या आणि त्यांच्याखाली अर्ध्या लिंबाएवढी सूज.

मी आधी बोटांमागची हाडं एकेक करून दाबली. तिथे दुखत नव्हतं. पोटरी मऊ, पावलाची नाडी नीट लागत होती, साखरही ठीक. मग सुजेवर दोन बोटं ठेवली आणि म्हटलं, “काका, पायाची बोटं वर उचला.” उचलली, आणि माझ्या बोटांखाली कुरकुर झाली. कोरड्या वाळूवर पाय पडल्यासारखी. पावलावरून बोटांकडे जाणारी शीर, म्हणजे आमच्या भाषेत टेंडन, बुटाच्या नाडीखाली चेपून चेपून सुजली होती आणि आपल्याच आवरणात घासत होती.

समजावून सांगण्यापेक्षा मी त्यांचाच हात तिथे ठेवला. “आता उचला.”

त्यांनी उचललं. परत उचललं. मग मान वाकडी करून, कान लावल्यासारखं, तिसऱ्यांदा.

“तार घोडीवर घासतीया,” ते म्हणाले. घोडी म्हणजे वीणेच्या तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी.

पंधरा वर्षं मी हे लोकांना सांगतेय, इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं.

पुढचं बोलणं मात्र मला अवघड होतं, त्याला कारण मागचं वर्ष. याच वर्गात एक आजी आल्या होत्या. गावाहून आळंदीपर्यंतच पंधरा दिवस पायी आलेल्या. दुसऱ्या बोटामागच्या हाडावर नेमक्या एका ठिकाणी बोट टेकवलं की कळवळायच्या. चालून चालून हाडाला बारीक चीर जाते, तसला प्रकार. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टराने १८५५ मध्ये कूच करणाऱ्या सैनिकांचे सुजलेले पाय पाहून तो नोंदवला. एक्स-रे यायला तेव्हा चाळीस वर्षं होती. एक्स-रेतही ही चीर पहिले दोन-तीन आठवडे बहुधा दिसत नाही. हे सगळं मला पाठ होतं. मी चिठ्ठीवर ‘चालणं पूर्ण बंद, सहा आठवडे’ लिहिलं आणि वर मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. आजींनी चिठ्ठी घडी करून बटव्यात ठेवली, “बरं माय” म्हणाल्या आणि लंगडत थेट दिंडीत गेल्या. निदान बरोबर होतं. आजींच्या कामाचं मी एकही वाक्य बोलले नव्हते. कोणाबरोबर आहात, सामानाचा ट्रक आहे का, एवढंही विचारलं नाही.

काकांना सुई हवी होती. “एक सुई मारा, घाट चढून जातो.” मी म्हटलं, सुईने दुखणं दबेल, घासणं थांबणार नाही. त्यात काका रक्तदाबाची गोळी घेणारे, उद्या एकादशीचा उपास, अंगातून घामाच्या धारा. अशा वेळी दुखण्याच्या गोळ्या-इंजेक्शनं मूत्रपिंडाला महागात पडतात. “विश्रांती” हा शब्द माझ्या तोंडून निघताच ते उठायला लागले. “गाडीत बसूनच जायचं तर एसटीनं गेलो असतो की. घरनं निघायचं कशाला?”

यावेळी मी चिठ्ठी लिहिली नाही. मुक्काम मोजले, त्यांच्याच बोटांवर. आज पुण्यात मुक्काम, चालणं नाही. उद्या दिवे घाट चढून सासवड, तीस-बत्तीस किलोमीटर, सगळ्यात खडतर टप्पा. परवा सासवडलाही मुक्काम, चालणं नाही. तीन दिवसांत चालायचा दिवस एकच. तो एक दिवस दिंडीच्या ट्रकमधून गेलात तर पायाला सलग तीन दिवस मिळतात, आणि जेजुरीपासून पंढरपूरपर्यंतची वाट हातात राहते. माउलींच्या मुक्कामांतच विश्रांती आहे, मी फक्त एक दिवस वाढवून मागतेय.

काकांना हिशेब पटला. मन तयार होईना. “वीणा कोण घील?”

आतापर्यंत दाराशी पदराने वारा घेत बसलेल्या काकू तेव्हा बोलल्या. “सप्त्यात सात दिस एकलंच हुबं ऱ्हाता व्हय? पहारा बदलत न्हाई?”

काका गप्प. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा रात्रंदिवस उभी असते, पण धरणारे हात पहाऱ्यापहाऱ्याने बदलतात. हे मलाही माहीत होतं, वेळेवर आठवलं मात्र नाही. काकू थांबायला तयार नव्हत्या : “घाटात रथाला बी जादा बैल लावत्यात. थोरल्या बैलांनी म्हटलं का कधी, आमचा अपमान झाला?”

वीणा धरून उभं असलेलं पोरगं खुदकन हसलं आणि काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की ते लगेच गंभीर झालं.

समोरच्या लस्सीवाल्याकडून बर्फ आणला, ओल्या उपरण्यात गुंडाळून दहा-दहा मिनिटं ठेवला. बुटाच्या नाड्या काढून नव्याने ओवल्या, सुजेवर येणारी भोकं सोडून, वर फुली पडणार नाही अशा. खरं तर वहाणाच घाला म्हणणार होते, पण मुलाने प्रेमाने घेतलेल्या बुटांवर काकांचा जीव होता. माझा नंबर काकूंच्या पिशवीत गेला.

फोन आला तो जेजुरीहून, संध्याकाळी.

“ट्रकनंच गेलो बरं का सासवडला,” काका म्हणाले. मग थोडं थांबून, “दिंडी याय लागली तवा सामोरा गेलो. वीणा घ्यायला.”

“किती?”

“असंल दोन-अडीच किलोमीटर.”

मी काही बोलले नाही. पलीकडे येळकोटाचा गजर ऐकू येत होता.

“आज सासवडहून चाललात?”

“निम्मं. निम्मं ट्रकात.”

“आता बोट ठेवा पायावर. कुरकुरतंय?”

बराच वेळ नुसता गलका. मग, “हाय. बारीक. कालच्यापरास कमी.”

“गड चढायचा नाही, काका.”

“खालनंच हात जोडले. ही गेलीया वर, भंडारा घिऊन येतीया.”