सांबरा ते उजळाईवाडी: नकाशावर ९६, रस्त्यावर ११५

बेळगावचं विमानतळ सांबऱ्याला आणि कोल्हापूरचं उजळाईवाडीला. दोघांमध्ये सरळ रेघ ओढली तर साधारण ९६ किलोमीटर भरतात. ताशी ५०० च्या वेगानं एटीआर विमानाला एवढं अंतर म्हणजे बारा मिनिटं. पण आम्हा सीमाभागातल्या लोकांना कामाचा हिशोब रस्त्याचा: सुमारे ११५ किलोमीटर, कोरड्या दिवसांत गाडीनं दोन ते सव्वादोन तास. पुढचं विमान पकडायचं असेल तर मी तीन तास धरतो, आणि चेक-इन काउंटर विमान सुटायच्या तासभर आधी बंद होतो ते वेगळं.

पहिले दहा किलोमीटर सगळ्यात चिवट. मुतगे, निलजी, बसवण कुडची करत गांधीनगरला महामार्ग लागेपर्यंत पंचवीस मिनिटं सहज जातात, कारण बागलकोट रस्ता गावांना लागूनच जातो. एकदा महामार्गावर चढलात की काकती, होनगा, वंटमुरीचा घाट आणि हत्तरगीचा टोल झपाट्यानं मागे पडतात.

संकेश्वरला हिरण्यकेशी ओलांडली की अंतर निम्मं झालं. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण विमानतळ निवडताना जिल्हा बघून चालत नाही. निपाणी बेळगाव जिल्ह्यात, पण तिथून उजळाईवाडी तीसेक किलोमीटर आणि सांबरा पंच्याऐंशीच्या घरात. चिकोडीकरांनाही कोल्हापूरच जवळ. उलट चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात असून त्यांना शिनोळीवरून सांबरा उजळाईवाडीच्या निम्म्याहून कमी अंतरावर पडतं. तिकीट काढताना दोनशे-चारशे रुपये वाचवायला लांबचं विमानतळ घेतलं, तर ते पैसे डिझेल आणि टोलमध्येच जातात.

कानगल्यानंतर तवंदी घाट. निपाणीकडे उतरताना अवजड ट्रक खालच्या गिअरमध्ये रांगेनं उतरतात. इथं घाई करू नये. गळीत हंगामात तर अंधार पडल्यावर हा पट्टा जपूनच चालवावा. उसाच्या ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, कांड्या मागे हातभर बाहेर आलेल्या, आणि मागचा दिवा त्यांच्याआड पार झाकलेला. रिफ्लेक्टर नसेल तर ट्रॉली दिसते ती अगदी जवळ गेल्यावरच. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी अर्धा तास जास्त धरतो.

निपाणीनंतर यमगर्णी, सौंदलगा, कोगनोळीचा टोल. पुढे दूधगंगा आणि कागल. उजळाईवाडीला मात्र पुलावर चढू नका, खालून विमानतळाकडे वळा. चढलात तर कोल्हापूरपर्यंत जाऊन परत यावं लागतं.

एसटीनं किंवा कर्नाटकच्या बसनं येणार असाल तर बसायच्या आधीच कंडक्टरला विचारा, कारण विनाथांबा गाडी उजळाईवाडीला थांबेलच असं नाही. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बसेस हद्दीवरूनच परततात. अशा दिवसांत निपाणी किंवा कागलला गाडी बदलायची तयारी ठेवा.

राहिला पावसाळा. बातमीत 'शिरोलीजवळ महामार्ग बंद' आलं की लोक घाबरून तिकीट रद्द करतात. शिरोली कोल्हापूरच्या पलीकडे आहे, उजळाईवाडी अलीकडे. बेळगावहून येणाऱ्याला तिथली पंचगंगा आडवी येत नाही. आडवी येते ती यमगर्णीची वेदगंगा. ऑगस्ट २०१९ ला आणि जुलै २०२१ ला तिचं पाणी महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली. वेदगंगा फुगली असेल त्या दिवशी निपाणीकरांनीसुद्धा तीस किलोमीटरचा मोह सोडावा आणि तवंदी चढून सांबराच गाठावं.