कणकुंबीच्या धुक्यात ब्रेक लाईट दगा देते तेव्हा

पावसाळ्यात बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीकडे दुचाकीने जाणार असाल तर निघण्याआधी गाडीच्या मागे जाऊन उभे राहा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. पिरनवाडी, किणये मागे टाकून कुसमळीला मलप्रभेवरचा पूल ओलांडला की झाडी दाट होत जाते. जांबोटीच्या पुढे तर भर दुपारी धुकं रस्त्यावर उतरतं. हाच रस्ता पुढे चोर्ला घाटातून गोव्याला जातो, त्यामुळे बेळगावचा भाजीपाला घेऊन निघालेले टेम्पो, ट्रक आणि पर्यटकांच्या गाड्या सगळ्या याच अरुंद रस्त्याने. अशा धुक्यात मागच्या ड्रायव्हरला आपला पत्ता लागतो तो लाल दिव्यावरूनच.

आम्ही दोघं मित्र दोन गाड्यांवर निघालो होतो. जांबोटीत चहाला थांबलो तेव्हा मागून आलेला टेम्पोवाला मुद्दाम खाली उतरून म्हणाला, "अहो भाऊ, ब्रेक मारला की तुमची मागची लाईट मोठी व्हायची सोडून विझालीय की हो!" त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पुढच्या वळणांवर हे कळलं असतं तर फार उशीर झाला असता.

मित्राने पाहिलं, तर बोलणं तंतोतंत खरं. टेल लाईट नीट लागलेली होती. हाताचा ब्रेक दाबला की ती मंद व्हायची आणि मागचे इंडिकेटर किंचित उजळायचे. पायाचा ब्रेक दाबला तरी तेच. इथेच अर्धा शोध संपतो, म्हणून हे लक्षात ठेवा. एका ब्रेकने दिवा लागतो आणि दुसऱ्याने लागत नाही, तर दोष त्या दुसऱ्या ब्रेकच्या स्विचमध्ये. त्या स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना टेकवा. दिवा लागला तर स्विच गेला म्हणून समजा. दोन्ही ब्रेकने दिवा लागत नाही आणि हॉर्नही बंद, तर आधी फ्यूज बघा. आमच्यासारखं दोन्ही ब्रेकने सारखंच विचित्र होत असेल तर स्विचच्या नादी लागू नका. बल्ब, होल्डर आणि अर्थिंग (म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणारी वाट), एवढंच तपासायचं उरतं.

चहाच्या टपरीशेजारी एक छोटं गॅरेज होतं. मिस्त्रींनी दोन स्क्रू काढून लाल काच उतरवली. आत पाणी साचलेलं, होल्डरच्या तळाला हिरवट गंज. बहुतेक गाड्यांत इथे बारा व्होल्टचा २१/५ वॅटचा एकच बल्ब असतो आणि त्यात दोन फिलामेंट असतात, ५ वॅटची टेलसाठी आणि २१ वॅटची ब्रेकसाठी. बल्बच्या बाजूच्या दोन पिना मुद्दाम खालीवर ठेवलेल्या असतात. बल्ब बसत नसेल तर जोर करू नका, अर्धा फेरा फिरवून बघा. मी नवा बल्ब मागितला तर मिस्त्री म्हणाले, "बल्ब राहू दे, आधी अर्थ बघूया." त्यांनी वायरीचा एक तुकडा घेतला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं आणि दुसरं होल्डरच्या पत्र्याला. ब्रेक दाबला आणि दिवा लखकन पेटला.

कारण समजून घेतलं तर पुन्हा कधी अडायला होणार नाही. ५ वॅटला जेमतेम अर्धा अँपिअरही करंट लागत नाही. तेवढा गंजलेल्या जोडातूनही परत जातो. २१ वॅटला पावणेदोन अँपिअर लागतो. तो जोड एवढा करंट सोडत नाही, मग वीज मिळेल त्या वाटेने, म्हणजे इंडिकेटरच्या बल्बमधून, परतायला बघते आणि सगळेच दिवे मिणमिणतात. ब्रेक दाबल्यावर टेल लाईट मंद झाली तर अर्थिंगवर संशय घ्या, बल्बवर पैसे घालवू नका.

आमच्या गाडीची अर्थिंगची वायर सीटखाली चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, बोल्टला होती. तिच्या टोकाच्या कडीवर लाल माती आणि गंज यांचा थर बसलेला. पॉलिश पेपरने कडी आणि चेसिसचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट आवळला, वरून थोडं व्हॅसलीन लावलं. होल्डरही घासून कोरडा केला. वायरीचा रंग कंपनीगणिक वेगळा असतो, तेव्हा रंगावर विसंबू नका. होल्डरपासून वायर धरून मागे मागे जा.

मित्राच्या गाडीचं उलटंच निघालं. चिखलाने पायाच्या ब्रेकच्या स्विचची स्प्रिंग जाम झाली होती आणि ब्रेक लाईट कायमची चालू. हेही तितकंच धोक्याचं, कारण तुम्ही खरोखर ब्रेक मारल्याचं मागच्याला कळतच नाही. पाण्याने धुऊन स्प्रिंग मोकळी झाली. तरी दिवा चालूच राहिला तर स्विचची बॉडी हाताने घट्ट धरून फक्त नट फिरवा. पेडल थोडं दाबलं की, ब्रेक पकडायच्या जरा आधी, दिवा लागला पाहिजे.

एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांना इंजिन चालू असताना हेडलाईट कायम लागलेली असते आणि तिच्याबरोबर टेल लाईटही. त्यामुळे दिवसाही तपासणी सोपी आहे. एकटे असाल तर भिंतीजवळ गाडी लावून भिंतीवरचा लाल उजेड बघा. एलईडी दिवा असेल तर बल्ब बदलायचा प्रश्नच नसतो, पण कपलर (वायरी जोडणारा प्लग) आणि अर्थिंग तिथेही याच पद्धतीने बघता येतं.

सामान बेळगावातच घ्या: एक २१/५ चा बल्ब, आपल्या गाडीच्या फ्यूजवर छापलेल्या आकड्याचेच दोन फ्यूज, हातभर वायर, पॉलिश पेपर, टेप, स्क्रूड्रायव्हर. फ्यूजच्या जागी तार किंवा चांदीचा कागद गुंडाळू नका, वायरिंग जळतं. जांबोटीनंतर दोन्ही बाजूंना जंगल आहे, मोबाईलला रेंजचा भरवसा नाही, त्यामुळे दुरुस्ती जांबोटीत उरकलेली बरी. तिथेही जमलं नाही तर कणकुंबीचा, माउलीच्या देवळाचा आणि मलप्रभेच्या उगमाचा बेत पुढे ढकला आणि उजेड असेपर्यंत मागे फिरा. चालू दिव्याची गाडी मागे ठेवा, बॅगेवर लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा. मध्येच थांबायची वेळ आली तर गाडी वळणावर लावू नका, सरळ रस्ता गाठून डांबर सोडून पूर्ण कडेला घ्या.

घरी आल्यावर लाल काच पुन्हा उघडून आतलं वाळवा आणि तिच्यामागचं रबर तपासा. आमचं एका कोपऱ्यात फाटलेलं निघालं. पाणी तिथूनच शिरत होतं.