मुंबईचा पीएम २.५ नकाशा: खात्री नाही तिथे राखाडी

पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) चा नकाशा काढताना आयडीडब्ल्यूला, म्हणजे जवळच्या स्टेशनाला जास्त वजन देऊन मधला आकडा काढण्याच्या पद्धतीला, अखेर रामराम ठोकला. प्रत्येक स्टेशनभोवती गोल कडी उमटायची आणि मधल्या जागेत आकडा कितीने हुकू शकतो याचा पत्ताच लागायचा नाही. आता आर ही संगणकभाषा आणि तिचं जीस्टॅट पॅकेज, साधं ऑर्डिनरी क्रिगिंग: अंतरानुसार आकडे एकमेकांशी किती जुळतात ते बघून मधला अंदाज काढायचा. अंदाजासोबत व्हेरिअन्सही (अंदाज किती हुकू शकतो याचं माप) हातात पडतो.

पण त्या व्हेरिअन्सवर फार विसंबू नका. व्हेरिओग्राम (अंतर वाढेल तसा आकड्यांतला फरक किती वाढतो याचा आलेख) एकदा ठरला की व्हेरिअन्स फक्त स्टेशनं कुठे आहेत एवढंच बघतो, त्यांच्यावरचे आकडे नाही. जानेवारीतली कोंदट धुरकट रात्र आणि जुलैतली धुवाधार दुपार, दोन्हींना एकच व्हेरिओग्राम लावला तर नकाशाची खात्री तेवढीच. म्हणून मी तो रोज नव्याने बसवतो. स्टेशनं मोजकी, त्यामुळे डुगडुगतो जरा.

खरी गंमत नॅशनल पार्कात. बोरिवली आणि मुलुंडच्या मधे शंभरेक चौरस किलोमीटर जंगल, पण दोन्हीकडच्या हायवेलगतची हवा क्रिगिंग खुशाल बिबट्यांच्या डोक्यावरून ओढून नेतं. तिथे तिरप्या रेघा मारून पाहिल्या, तर खालचा रंगच दिसेना. दोन नकाशे शेजारी ठेवले, तर दुसऱ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. सध्याची युक्ती: खात्री कमी तसा रंग राखाडीकडे, आणि रंगांचे वर्गही कमी. भरवशाच्या जागी एक्यूआयचे (हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाचे) सहाही वर्ग, मधे तीन, आणि जंगलाच्या पोटात सरसकट एकच राखाडी.

घरच्यांना मात्र दुसरा नकाशा पटला: २४ तासांची ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता. समजा दोन चौकटींत अंदाज ५८च आहे. एकीत प्रमाण विचलन (व्हेरिअन्सचं वर्गमूळ) ४, दुसरीत १५. साध्या नकाशात दोन्ही एकाच रंगाच्या, इथे पहिली ३१ टक्के आणि दुसरी ४५. (नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराचं वितरण धरून. आकड्यांचा लॉगॅरिदम घेऊन करायला हवं, ते बाकी आहे.)

गच्चीवरचे पीएमएस५००३, म्हणजे कण मोजणारे लेझर सेन्सर, अजून नकाशाबाहेरच ठेवलेत. शंभरच्या आत त्याच्या डेटाशीटमध्येच अधिक-उणे १० मायक्रोग्रॅमची चूक लिहिलीय, शिवाय दमट हवेत कण फुगतात आणि लेझर जास्त मोजतो. आपल्याकडे दमट नसते कधी? आर्द्रतेची दुरुस्ती करून, त्यांना मापनचुकीचा वेगळा व्हेरिअन्स देऊन मगच आत घेईन. कोणी जीस्टॅटमध्ये हे केलं असेल तर कोड टाका, उपकार होतील.